बोटाएवढा दोर

"कापूक मी देवचंय नाय!" म्हणत गंगारामने डॉक्टरांच्या हातातून रक्ताळलेला हात मागे ओढला.

मालवणच्या किनाऱ्यावर त्याच्या शब्दाला मान होता. तो रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, मालक नव्हे, साधा ओढणारा गडी. पण दोर झिजला की सगळे त्याच्याकडे धावत. कापून जोडायचा की तसाच ठेवायचा, हे तीस वर्षे तोच ठरवी. आज दोर सोडवताना सुरी निसटली आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या मुळाशी घुसली.

डॉक्टर घाटावरचे, तरुण. "बोट वाकवणारी आतली दोरी, कंडरा, अर्धवट तुटलीय. मिरजेला जाऊन शिवून घ्या."

"धा पदर धरा. तुटले किती?"

डॉक्टरांनी पुन्हा जखमेत पाहिले. "तीन. फार तर चार."

"मगे कशाक शिवतास? शिडाचो दोर निम्म्यापेक्षा कमी तुटलो तर आमी जोडणव नाय. गाठ कप्पीत अडाकता. मगे शीड वर जायना नि खाली येयना."

"ह्यांका सगळो संसार दोरच दिसता!" त्याची बायको यशोदा कपाळावर हात मारून म्हणाली. "अवो, डॉक्टर सांगतत ता आयका!"

डॉक्टर मात्र पुन्हा जखमेवर वाकले. शिवा, असे पुस्तक सांगत होते. पण शिवल्यावर काठीसारखी ताठ झालेली बोटेही त्यांनी पाहिली होती. त्यांनी बोटाच्या टोकावर अंगठा दाबला. "वाकवा."

गंगारामला घाम फुटला, पण बोट वाकले. मध्ये कुठे अडकले नाही.

"बरं," डॉक्टर म्हणाले आणि वरची कातडी तेवढी शिवली. "सहा आठवडे दोराला हात लावायचा नाही. मी दाखवतो तसं बोट हलवायचं. अडकलं, तर मिरज."

"अडाकला तर मी हरलंय. तवसर दोराक हात लावचंय नाय."

ते सहा आठवडे त्याला खायला उठले. रापण लागली की तो हात पाठीमागे धरून वाळूत उभा राही. "बगूक इलस काय रे?" असे रांगेतल्या बाबली गड्याने चिडवले, की त्याच्या जिवाची लाहीलाही होई. पण शब्द दिला होता.

मुदत संपली. "मूठ वळा," डॉक्टर म्हणाले. तीन बोटे तळव्याला टेकली, मधले जरा वरच राहिले. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "पूर्ण मिटत नाही. शिवलं असतं तर कदाचित..."

"चला माझ्यावांगडा."

किनाऱ्यावर रापण ओढणे चालले होते. गंगारामने रांगेत शिरून दोर धरला. बोट आणि तळवा यांच्यामधली फट दोराने बरोबर भरली.

"रिकामी मूठ घेवन मी काय करू, डॉक्टरानू?" तो म्हणाला, आणि वाळूत टाचा रोवून ओढू लागला.