भावेशशेठचे फुकटचे आरसे

बोईसरच्या भावेशचं गाड्यांच्या सामानाचं दुकान वाढत वाढत तारापूर, सातपाटी, केळवे असं किनाऱ्याने खाली सरकत आलं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण त्याच्या पुढे पुढे गाड्यांचे आरसे फुटत येतात, हे एडवणच्या जमनालाच खटकलं. सातपाटीला दुकान उघडायच्या आधी पंधरा दिवसांत एकशे सत्तर आरसे फुटले. केळव्याला तर अख्खं वऱ्हाड बिनआरशाचं परतलं. मागून काय येतंय ते ड्रायव्हर नवरदेवाला विचारत होता. खोटं वाटत असेल तर नवरदेवाला भेटा, त्याची मान अजून वाकडी आहे.

आता भावेशला जमनाची रस्त्यालगतची जागा पाचव्या दुकानासाठी हवी होती, आणि मॅनेजर म्हणून तिचा मुलगा धीरज. धीरजने त्या आनंदात मित्रांना चहाही पाजला होता.

"शेट लबाड निघाला तं बेडी कोनाला पडंल? मॅनेजरला," जमना म्हणाली.

"आये, तू पोलिसात भरती हो."

"होते. तवर तू मॅनेजरच्या कागदावर सही करायची नाय."

त्याच आठवड्यात एडवणच्या किनाऱ्यावर उभ्या गाड्यांचे अकरा आरसे फुटले. शेजारची भागी म्हणाली, "दगड मारायला मानूस ठेवला असंल बाय."

जमना कोलंबीची पाटी घेऊन सुरूच्या झाडाखाली सोलत बसली. चहावाल्यावर संशय घेऊन झाला, चणेवाल्याची पिशवी तपासून झाली. भर दुपारी एक कावळा आला. गाड्यांच्या रांगेतून तो इन्स्पेक्टरसारखा फिरला, लहान गाड्या सोडून दिल्या, एका मोठ्या पांढऱ्या गाडीच्या दारावर बसला आणि आरशातल्या कावळ्यावर तुटून पडला. मदतीला आणखी चार आले. आरसा पाच मिनिटंही टिकला नाही.

जमनाच्या हातातली कोलंबी हातातच राहिली. या वेळेला कावळे असतात बोंबलांवर! तिने आपल्या जागेकडे पाहिलं. बांबूंवर बोंबील लटकत होते, कावळा एकही नव्हता. मधेमधे बांधलेले गाड्यांचे जुने आरसे वाऱ्याने हलत, लखलखत होते. महिन्याभरापूर्वी भावेशनेच पोतंभर आणून बायकांना फुकट वाटले होते, कावळ्यांना घाबरवायला. इथून हुसकलेले कावळेच तिकडे गाड्यांवर उतरत होते.

तिने सातपाटीच्या बहिणीला फोन लावला. "तुमाला आरसे कोनी दिले गो?"

"भावेशशेटनं. दुकानाच्या आधी. देवमानूस हाय."

जमनाने आणि भागीने गावातले सगळे आरसे उतरवले, बोंबलांवर फाटकी जाळी टाकली. कावळे परत आले आणि जाळीवर बसून दिवसभर शिव्या देऊ लागले. पंधरा दिवसांत गाडीचा एकही आरसा फुटला नाही.

मग भावेश भाड्याचा कागद घेऊन आला.

"देते सही," जमना म्हणाली. "पन आरसे उतरवलेत आमी. परत लावनार नाय."

"मावशी, मी तर सेवा म्हणून दिले होते."

"तेच तं. सेवा झाली, आता दुकान घाला."

भावेशने रस्त्यावरच्या गाड्यांकडे पाहिलं. सगळे आरसे शाबूत. त्याने पेन खिशात ठेवलं. "एडवणला गिऱ्हाईक जरा कमी वाटतं. दिवाळीनंतर बघू."

"शेट, परवा तं तुमी म्हनत होता, सगळ्यात जास्त धंदा हितंच होईल," धीरज म्हणाला.

भावेशने न वाजलेला फोन कानाला लावला आणि गाडीकडे निघाला. धीरज मागोमाग गेला. मागच्या काचेतून आत चार पोती दिसत होती. एकाला भोक पडून आरशाचा कोपरा बाहेर आला होता.

"ही कुठं चालली?"

"दातिवऱ्याला. तिकडच्या बायका मागतायत रे." भावेश बसता बसता म्हणाला, "मॅनेजर तूच. दुकान तिकडे टाकू."

गाडी वळली. धीरजने मोटरसायकलला किक मारली.

"कुठं रं?" जमना ओरडली.

"दातिवऱ्याला! बायकांना सांगायला. त्याच्या आधी पोचतो."