घंटा वाजली, भाव चढला

गुरुजींनी पितळी घंटा कपाळापाशी नेली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि एकदाच वाजवली. टण्ण! नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी श्वास रोखला. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर ठळक आकडा होता, चौऱ्याऐंशी रुपये. बघता बघता तो लुकलुकला आणि शहाऐंशी झाला.

"वाढला गा, वाढला!" कुणीतरी ओरडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या सिंधूताईंनी हात जोडले. मागच्या रांगेतल्या दोघांनी तर मोबाइल काढून बसल्या जागी शेअर घ्यायला सुरुवात केली.

दीक्षा दाराशी उभी होती. ती ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची, त्यामुळे घंटेनं आकडा वाढतो यावर तिचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. पण तिचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. पहिल्या रांगेत, खुर्चीच्या टोकावर येऊन टाळ्या पिटणाऱ्या माणसाकडे ती बघत होती. ते तिचे वडील होते.

संघपाल गजभिये! रेल्वेतून निवृत्त झालेला, सोसायटीचा सेक्रेटरी. तरुणपणी कन्हान गावाच्या बाजूला कुणाच्या अंगात आलं असं कळलं की हा माणूस सायकल काढायचा, तिथे जाऊन जळता कापूर जिभेवर ठेवून दाखवायचा आणि बुवाची पळता भुई थोडी करायचा. त्याच माणसाला आज घंटा पुरली होती.

कंपनीचं नाव होतं गृहछाया. इमारतींची देखभाल करणं हा तिचा धंदा. लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, चौकीदार वगैरे. या सोसायटीचं कामही तिच्याकडेच होतं, आणि लिफ्ट पंधरवड्यापासून बंद होती. लोक धापा टाकत चार जिने चढत, आणि वर पोचल्यावर मोबाइलवर त्याच कंपनीचा भाव बघून खूश होत!

"शेअर हा शब्द इंग्रजांचा नाही, बंधूंनो," भाग्येश गुरुजी सांगत होते. "मूळ शब्द श्रेय. ते घेऊन गेले, आपण वापस आणून राहिलो. या कंपनीची कुंडली मी स्वतः मांडली. धनस्थानी गुरू! हा नाद लहरींवर बसून मुंबईच्या बाजारात पोचते. तिथल्या मशीनले समजते, नागपूरहून आदेश आला."

"मशीनले मराठी समजते का?" दीक्षा दारातूनच म्हणाली.

लोक हसले. गुरुजीही हसले. "नादाले भाषा नसते, ताई."

घरी आल्यावर ती वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही घंटेवर विश्वास ठेवता?"

"घंटेवर नाही वं," संघपाल चिडून म्हणाले. "आकड्यावर ठेवतो. आकडा काही केस मोकळे सोडून घुमत नाही. मुंबईच्या बाजारातून येऊन राहिला तो. तू तुझ्या मोबाइलवर पाह्य."

तिनं पाहिलं. आकडा खरा होता. तिथेच तर गोची होती.

"तुम्ही पैसे टाकले?"

संघपाल खाली बघत म्हणाले, "तुझ्या आईच्या नावानं कन्हानले वाचनालय काढायचं होतं ना, ते. दुप्पट झाले तर दोन खोल्या होतील."

दीक्षाची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या पैशाला बाबांनी आजवर हात लावला नव्हता.

"मग थोडे विकून बघा ना. जमतं का ते तरी कळेल."

"काहून विकू? वाढून राहिला तर विकते का कोणी?"

हे वाक्य तिच्या डोक्यात अडकलं. दुसऱ्या दिवशी तिनं जिन्यात भेटेल त्याला विचारलं. शेअर सगळ्यांनी घेतले होते. विकून पैसे हातात घेतलेला माणूस अख्ख्या सोसायटीत एकही नव्हता.

पुढच्या सभांना ती मुद्दाम गेली आणि पडद्याकडे पाठ करून बसली. ती माणसं बघत होती. घंटा उचलली की सगळ्यांचे डोळे घंटेवर, वाजली की सगळ्यांचे पडद्यावर. एकटा गुरुजींचा मेहुणा पियूष तेवढा मांडीवर ठेवलेल्या मोबाइलकडे बघायचा. घंटा वाजली की त्याचा अंगठा हलायचा. एकदा कुणाचा तरी फोन आला म्हणून तो बाहेर गेला, आणि नेमकी तेव्हाच घंटा वाजली. आकडा ढिम्म! गुरुजींनी डोळे मिटले. "सभेत कोणाच्या तरी मनात शंका आहे," ते म्हणाले. लोक एकमेकांकडे संशयानं बघू लागले. बाहेर गेलेल्या पियूषकडे मात्र कुणी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी दीक्षानं त्या शेअरचे सौदे नीट तपासले. मोठ्या कंपन्यांच्या शेअरचे दिवसाला हजारो सौदे होतात. गृहछायाचे सकाळभरात जेमतेम दहा-पंधरा. घेणारे म्हणत चौऱ्याऐंशीला द्या, विकणारे म्हणत शहाऐंशीला घ्या, आणि मधे कुणीच नसे. अशा वेळी एखाद्यानं शहाऐंशी मोजून चार शेअर उचलले तरी पडद्यावर तोच भाव झळकायचा. कारण पडदा फक्त शेवटच्या सौद्याचा भाव दाखवतो, मग तो सौदा कितीही चिल्लर असो. दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्यावर खात्री करायला तिनं स्वतः दहा शेअर घेतले. भाव वाढला. घरात घंटा नव्हती, मंत्रही नव्हता.

बुधवारी सकाळची सभा मोठी होती. सोसायटीचा दुरुस्ती निधी गृहछायाच्या शेअरमध्ये टाकायचा ठराव त्या दिवशी यायचा होता. संघपाल ठराव वाचायला उठले, तशी दीक्षाही उठली.

"ठरावाआधी एक प्रयोग करू द्या. गुरुजींची परवानगी असेल तर."

एवढ्या लोकांपुढे नाही म्हणायची सोय नव्हती. गुरुजींनी हात वर करून आशीर्वाद दिला.

"पियूषभाऊ, तुमचा मोबाइल जरा टेबलावर ठेवा. आता दोन्ही हात वर करा. हां, तसेच. गुरुजी, वाजवा."

पियूषचा चेहरा उतरला. गुरुजींनी घंटा वाजवली. मग पुन्हा वाजवली. मग शाळा सुटल्यासारखी वाजवत सुटले. पडद्यावरचा आकडा होता तिथेच होता.

"आज लहरी मंद आहेत," गुरुजी कपाळ पुसत म्हणाले.

"असू द्या. सिंधूताई, चहाचा चमचा द्या बरं." दीक्षानं एका हातानं चमचा स्टीलच्या ग्लासवर वाजवला आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर दहा शेअर घेतले. आकडा दोन रुपयांनी चढला. हॉलमध्ये कुजबुज उठली. तिनं पुन्हा ग्लास वाजवला आणि आधी घेतलेले दहा विकून टाकले. आकडा दोन रुपयांनी उतरला.

"ताईलेही सिद्धी आहे!" गुरुजी घाईघाईनं म्हणाले.

"सिद्धी नाही, वीस रुपयांचा तोटा आहे," दीक्षा म्हणाली. लोक खदखदून हसले. "या शेअरचे सौदे इतके कमी आहेत की कुणीही दहा शेअर घेऊन भाव हलवू शकतो. पण तो भाव त्या दहांचाच असतो. तुमच्याजवळच्या हजारांना तो मिळेल की नाही, ते विकल्याशिवाय कसं कळणार? सिंधूताई, आत्ता विकून बघा."

सिंधूताईंनी मोबाइल दीक्षापुढे धरला. दीक्षानं त्यांच्या सांगण्यावरून सगळे शेअर विकायला लावले. मूठभर गेले, बाकीचे लटकले. आणखी चार-पाच जणांनी करून पाहिलं. भाव घसरत घसरत बाजारानं एका दिवसासाठी घालून दिलेल्या खालच्या मर्यादेला टेकला. तिथे विकणाऱ्यांची रांग लागली होती आणि घेणारा कुणी नव्हता.

"घेणारं कोणीच नाही काहो?" सिंधूताईंनी विचारलं.

तेवढ्यात संघपाल पुढे झाले. हातातला ठरावाचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला होता.

"गुरुजी, तुम्ही म्हणता भाव दीडशे होईल. मग माझे तुम्हीच घ्या ना. स्वस्तात देऊन राहिलो."

"आम्ही संन्यस्त वृत्तीची माणसं," गुरुजी म्हणाले. "आम्ही स्वतः व्यवहार करत नाही."

"मग इतके दिवस आम्ही सगळे घेऊन राहिलो होतो, तेव्हा विकत कोण होतं?"

गुरुजींनी पियूषकडे पाहिलं, पियूषनं जमिनीकडे. त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून लोकांना उत्तर कळलं. स्वतःजवळचे पडून असलेले शेअर चढ्या भावानं भक्तांच्या गळ्यात मारायला ती घंटा वाजत होती.

मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. ठराव बारगळला, निधी वाचला. दीक्षा आणि संघपाल यांनी सगळ्यांच्या सह्या घेऊन बाजार नियामकाकडे आणि पोलिसांकडे तक्रार केली. चौकशी सुरू झाली, पण ती आपल्या गतीनं. भाव मात्र रोज कोसळत राहिला. संघपालांचे शेअर विकले गेले तेव्हा मूळ रकमेचा तिसरा हिस्साही हाती आला नाही.

एकदा जेवताना ते अचानक म्हणाले, "आकडा तर खरा होता वं."

"खरा होता, बाबा. दहा शेअरांपुरता."

त्यांनी मान हलवली. "बुवा असता तर मी ओळखला असता. यानं माझ्यापुढे आकडा ठेवला, अन् मी तपासायचंच सोडून दिलं."

उन्हाळा संपता संपता कळलं की नागपूरजवळच्या वाडी गावात एका हॉलमध्ये दुसराच कुणी गुरुजी, दुसऱ्याच एका कंपनीसाठी शंख फुंकून भाव वाढवतो आहे. संघपालांनी दीक्षाला सोबत घेतलं आणि भर सभेत उभे राहिले. लोकांनी आधी हुर्यो केली. पण त्यांनी आपलं किती बुडालं ते लाजलज्जा सोडून सांगितलं, तेव्हा हॉल हळूहळू शांत झाला.

"माझं ऐकूनही विश्वास ठेवू नका," ते म्हणाले. "स्वतः तपासा. आज घेतलेलं आजच्या भावानं विकता येते का, ते आधी थोड्यावर करून पाहा. तुम्ही घेता तेव्हा विकते कोण, हे विचारा. अन् विचारलं म्हणून जो रागावते किंवा लहरींवर ढकलते, त्याच्या हातात पैसा देऊ नका. मग तो भगव्यात असो की सुटाबुटात."

मागच्या रांगेतून एक बाई उठली आणि शंखवाल्याकडे वळून म्हणाली, "महाराज, माझे विकायचे आहेत. आत्ता."