ठशावरची शेवटची ओळ

मी एक जुना ठसा आहे, मित्रांनो. अंगठ्याचा नव्हे, शिलालेखाचा. जन्मापासून तोंड काळं, पण त्यात माझा काही दोष नाही.

पुण्यापासून लांब एका डोंगरात बौद्ध भिक्खूंचं विद्येचं ठाणं होतं. लेणी आणि शेजारी पाण्याचं टाकं. दूरदूरचे भिक्खू पावसाळ्यात तिथे राहून शिकत, शिकवत. तिथल्या भिंतीवरचा लेख उतरवून घ्यायला पुण्यातल्या एका संस्थेचे नागोराव गेले. त्यांनी दगड धुतला, त्यावर ओला कागद चिकटवला आणि ब्रशने असा बदडला, की कागद अक्षराअक्षरात शिरला. तो कागद म्हणजे मी. मग शाईचा बोळा थोपटला. खोल अक्षरं पांढरी राहिली, बाकी मी काळा. शेवटची ओळ उथळ होती, तिथे शाई पसरली. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिची अक्षरं फक्त माझ्या अंगात दबलेली आहेत.

पुण्यात माझं काय कौतुक झालं! विद्वान मंडळी भिंग घेऊन माझ्यावर ओणवी होत आणि चहा लांब ठेवत. पुढे फोटो आले, आणि मी गुंडाळून कपाटावर गेलो. तिकडे लेण्यात पाणी झिरपून शेवटच्या ओळीचा पापुद्राच गळून पडला. आता ती ओळ फक्त माझ्यापाशी उरली होती, आणि हे कुणाच्या गावीही नव्हतं.

गेल्या महिन्यात संस्थेत प्राचीन विद्यापीठांचं प्रदर्शन ठरलं. नालंदाचे फोटो, ह्युएन त्संगचं चित्र, आणि आपल्याकडचंही काही हवं म्हणून मी. व्यवस्था आमोद सरांकडे होती. माणूस भला, पण टापटिपीचा भारी सोस. त्यांनी मला उलगडलं, नाक मुरडलं आणि घरून इस्त्री आणली. आधी इस्त्री, मग लॅमिनेशन, असा त्यांचा बेत.

तेवढ्यात उत्कर्षा आली. ही यवतमाळची मुलगी वाघोलीला हॉस्टेलवर राहते आणि प्रवासी भिक्खूंवर संशोधन करते. लेण्यात शेवटच्या ओळीची जागा तिला गळून गेलेली दिसली होती, म्हणून ती माझ्या शोधात होती. इस्त्री नेमकी त्याच ओळीच्या सुरुवातीवर होती.

"सर, इस्त्री उचला."

"अहो, सुरकुत्याच काढतोय."

"सुरकुत्या नाहीत त्या, सर. अक्षरं आहेत."

सरांनी इस्त्री बाजूला ठेवली. उत्कर्षाने मोबाइलचा टॉर्च माझ्या कडेला आडवा धरला. तिरप्या उजेडात दबलेली अक्षरं उठून दिसू लागली.

"रक्षित," तिने वाचलं, "दूर देशाहून शिकायला आलेला." मग ती डावीकडे सरकली. तिथे मी इस्त्रीने गुळगुळीत झालो होतो. नावात रक्षितच्या आधी काय होतं, धर्म, बुद्ध की संघ, ते आता कुणालाच कळणार नाही.

सरांनी प्लग काढला. "तुम्ही आधी का नाही आलात?"

"कालच विचारलं होतं, सर. ठसा नीट करून झाल्यावर बघा, म्हणालात."

सर खुर्चीत बसले.

मित्रांनो, मला राग नाही, वाईट मात्र फार वाटतं. जुनी वस्तू जरूर जपा, पण ती नीटनेटकी करण्याआधी तिच्यात काय आहे ते जाणत्याला विचारा. इतक्या लांबून शिकायला आलेल्या माणसाचं नाव दगडावरून पाण्याने नेलं. माझ्यावरून त्यातलं अर्धं माझी काळजी घेताना गेलं.