एक्केचाळिसाव्या इंचावरचा लाल टाका

मी मापाची टेप बोलतेय. साठ इंचांची, पिवळी, आकडे थोडे पुसट झालेली. माझी बाई घरीच कपडे शिवते, त्यामुळे दिवसभर मी तिच्या गळ्यात. कुणाची कंबर किती वाढली हे मला सगळ्यांत आधी कळतं, पण मी ब्र काढत नाही. आमच्या धंद्यात तेवढं पाळावं लागतं.

वसंतात बाई संध्याकाळी फिरायला निघायची. लांब नाही, बंद गोदामाच्या भिंतीपर्यंत. मी गळ्यातच असायचे. रानफूल दिसलं की ती उकिडवी बसून मला त्याला लावायची. "हे पिवळं चार इंच. कालच्यापेक्षा अर्धा जास्त." मग वहीत नोंद.

भिंतीपाशी एकच जांभळं फूल यायचं. आठ दिवस फुलायचं आणि पानांसकट नाहीसं व्हायचं. मातीखाली कंद तेवढा उरायचा. पुढच्या वर्षी जागा चुकू नये म्हणून बाईने कोपऱ्यातल्या खांबापासून अंतर मोजलं आणि माझ्या एक्केचाळिसाव्या इंचावर लाल दोऱ्याचा टाका घातला.

सोबत तिची धाकटी जाऊ असायची. "ताई, फुलाला ब्लाउज शिवताय का?" बाई हसायची. टाक्याचं गुपित तिने त्या एकीलाच सांगितलं.

फूल गेल्यावर महिन्याभराने जाऊ आली. "पडद्याचं माप घ्यायचंय. टेप द्या ना जरा."

बाईने मला गळ्यातून काढून दिलं. पडदा काही मी पाहिला नाही. जाऊने मला थेट त्या खांबाला लावलं आणि लाल टाक्याखाली खुरपं घातलं. कंद पिशवीत गेला, त्याच्यावर मी. घरी नेऊन तिने मला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलं आणि परत केलं.

यंदा बाई सोळा दिवस त्या भिंतीपाशी मला लावून बसली. शेवटी म्हणाली, "माझीच टेप सैल झाली असेल."

ते मला फार लागलं.

सतराव्या दिवशी जाऊच्या गॅलरीत, कुंडीत, जांभळं फूल.

"नर्सरीतून आणलं हो," जाऊ म्हणाली.

बाईने मला फुलाला लावलं. नऊ इंच, दरवर्षीसारखं. मग तिने खिडकीकडे पाहिलं. पडदा जुनाच होता.

"माप बरोबर आलं ना गं?"

जाऊ चहा टाकायला आत गेली.

घरी येऊन बाईने सुईने टाका उसवला. आता तिथे दोन बारीक भोकं आहेत. संध्याकाळी ती एकटी जाते, मला खुंटीवर ठेवून.

बाई, मी सैल झाले नव्हते. उद्या गळ्यात घालून ने. चार इंचांचं पिवळं अजून तिथेच असेल.