परत गुंडाळू नका

मी बोलतेय, पण जरा दमाने ऐका. माझी पट्टी झिजली आहे, मध्येच आवाज घोगरा होतो. मी एक व्हिडिओ कॅसेट. माझ्या पोटात ‘ओहोटीची नवरी’ नावाचा भुताचा सिनेमा आहे आणि आजवर त्याला एकही माणूस घाबरलेला नाही.

सिनेमा झाला यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, एनिड आणि विल्फ या नवरा-बायकोच्या घरात. समुद्राकडे तोंड असलेल्या खोल्या ते उन्हाळ्यात पाहुण्यांना देत. दिग्दर्शक क्लाइव्ह चार माणसं आणि एक कॅमेरा घेऊन आला. खिशात दमडी नव्हती, म्हणून भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून त्याने रात्र केली. भूत होणारी नटी शिंपल्या खाऊन आडवी झाली, तेव्हा क्लाइव्ह एनिडच्या विनवण्या करू लागला.

“बोलायचं काही नाही हो. मेणबत्ती घेऊन जिना उतरायचा आणि त्या पोरीकडे नुसतं बघायचं.”

“झगा कमरेत बसत नाहीये माझ्या,” एनिड म्हणाली.

“मागून पिना लावू. भुताची पाठ कोण बघतंय?”

एनिड जिना उतरली. खाली नायिका भीतीने पांढरीफटक होऊन उभी होती, आणि पोरगी अभिनय मोठा झकास करत होती. आयुष्यभर पाहुण्यांची उठबस केलेल्या एनिडला तो चेहरा बघवला नाही. नवरीचं भूत मायेने म्हणालं, “चहा ठेवू का, बाळा?”

क्लाइव्हने डोकं धरलं. पुन्हा घ्यायला फिल्म उरली नव्हती. तेवढंच ठेवून सिनेमा पुरा झाला. कुठल्याही थिएटरने तो घेतला नाही, म्हणून तो थेट माझ्यात आला.

गावात कॅसेट भाड्याने देणाऱ्या डेरेकच्या दुकानात मी लागले. माझ्या वेष्टनावर एक कवटी होती, जी सिनेमात कुठेच नाही. त्यावरून लोक डेरेकशी भांडत. पाठीवर चिठ्ठी होती, ‘परत देण्याआधी पट्टी सुरुवातीपर्यंत गुंडाळून द्या’. ती कुणी वाचत नसे. “आता हे गुंडाळायला तुमची आई येणार का?” असं डेरेक प्रत्येकाला विचारी आणि मग स्वतःच बोटाने मला फिरवत बसे.

तरीही मी सारखी बाहेर असायची. लोक मला हसायला नेत. घरोघरी बिअरचे डबे फुटत, आणि जिन्याचा प्रसंग आला की सगळे एका सुरात ओरडत, “चहा ठेवू का, बाळा?” पबमध्ये, पोस्टात, चर्चच्या दारातही एनिडला तेच ऐकावं लागे. बिचारी डेरेकच्या दुकानावरून जायचं टाळून मागच्या गल्लीने घरी जाई. मला त्याचं फार वाईट वाटे, पण माझ्या हातात काय होतं?

पुढे डीव्हीडीच्या तबकड्या आल्या आणि डेरेकचं दुकान बसलं. त्याच हिवाळ्यात एनिड गेली. विल्फ दुकानाच्या दारात येऊन टोपी हातात धरून नुसता उभा राहिला. डेरेकने काही न विचारता मला त्याच्या हातात दिलं. “घेऊन जा, विल्फ. ती तुमच्याच घरची आहे.”

एनिडचे फोटो घरात ढीगभर होते, पण फोटो बोलत नाहीत. टेलिफोनच्या यंत्रावरचा निरोपही विल्फच्याच आवाजातला. तिचा आवाज उरला होता तो फक्त माझ्यात, त्या एका वाक्यापुरता.

तो मला रोज लावी. बाकीचा सिनेमा त्याने कधी पाहिला नाही. जिन्यापाशी आणायचं, ऐकायचं, थोडं मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं. ऐकून झालं की हळूच म्हणायचा, “ठेव गं.” मग उठून स्वतःच किटली ठेवायचा. सवयीने कप दोन काढायचा, एक परत ठेवून द्यायचा.

खरं सांगू? मी थकले होते. पट्टीची एकच जागा रोज घासली गेली तर ती किती टिकणार? तो जितक्या प्रेमाने ऐकायचा, तितकी ती माझ्यातून पुसली जात होती. त्याला हे सांगायला मला तोंड नव्हतं.

त्याची मुलगी लोरेन लीड्सला असते. तिला हे कळत होतं. “बाबा, मला द्या ती कॅसेट. एका ठिकाणी नक्कल करून देतात. टपालाने पाठवली की झालं.”

“तुझी आई टपालाने कुठेही जाणार नाही,” विल्फ म्हणाला. “हरवली म्हणजे?”

“आणि घरात बसून झिजली म्हणजे?”

नंतरच्या ईस्टरला लोरेन आली, तेव्हा तो स्वतःहून म्हणाला, “ने बाई. पण तुझ्या हाताने ने. त्याआधी एकदा ऐकू दे.”

त्याने मला लावलं. पडद्यावर आधीच पाऊस पडल्यासारख्या रेघा होत्या. एनिड मेणबत्ती घेऊन खाली आली, तिचे ओठ हलले, आणि माझ्यातून नुसती खरखर निघाली. विल्फने मला मागे नेलं. खरखर. पुन्हा मागे नेलं. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण माझ्याजवळ द्यायला काही उरलंच नव्हतं.

“बाबा, राहू द्या,” लोरेन म्हणाली.

त्याने चित्र तिथेच थांबवलं. चेहरा पांढराफटक पडला होता. काय बोलावं ते लोरेनला सुचेना. असं झालं की इथली माणसं जे म्हणतात, तेच ती म्हणाली. “चहा ठेवू का?”

विल्फने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “पुन्हा म्हण.”

“काय?”

“आत्ता म्हणालीस ते.”

त्याला ऐकू आलं नसावं असं वाटून ती मोठ्याने ओरडली, “चहा, बाबा! चहा ठेवू का?”

“ओरडू नकोस. ती कधी ओरडत नसे.” त्याचे डोळे भरून आले होते. “हळू म्हण.”

लोरेनच्या आता लक्षात आलं. ती त्याच्या खुर्चीपाशी बसली आणि हळूच म्हणाली. सूर तोच होता, शेवटी किंचित वर जाणारा. मी तो इतक्यांदा वाजवला आहे की मला फसवता यायचं नाही.

“ठेव गं,” विल्फ म्हणाला. त्या दिवशी दोन्ही कप भरले.

तेव्हापासून त्याने मला लावलेलं नाही. लोरेन दर रविवारी फोन करते आणि आधी तेच विचारते. मी टीव्हीखाली धूळ खात पडले आहे. हेवा नाही वाटत. सुटल्यासारखं वाटतं.

पुढे कधीतरी हे घर रिकामं करायला कुणी येईल. माझ्या पाठीवरची जुनी चिठ्ठी वाचून त्याला नीटनेटकेपणा सुचेल. त्याला माझं एवढंच सांगणं आहे. बाबा रे, टाकायचं तर टाक, पण मला गुंडाळू नकोस. एनिड जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आहे, तिचे ओठ नुकतेच उघडले आहेत. तिला तिथेच राहू दे.