हसरा आवाज

हेडफोनमधली बाई हसली आणि माझा हात माऊसवरच थांबला. रेकॉर्डिंगमधून नाव कापून टाकलं होतं, पण आवाज विनिताचा होता. माझ्या बायकोचा. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यातून मी निवृत्त झालो आणि वर्षभरात ती गेली. घर खायला उठलं, म्हणून ठाण्यातल्या या ऑफिसात लागलो. हॉस्पिटलला आलेले जुने फोन ऐकायचे आणि बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते लिहायचं. राग, दुःख, भीती, आनंद. त्यावरून मशीन शिकतं. पुढे फोन तेच घेणार. घाबरलेल्याला लगेच डॉक्टरकडे जोडणार, बाकीच्यांना थांबवणार.

या फोनपुढे मशीनने 'आनंद' लिहिलं होतं.

हॉस्पिटलची मुलगी सांगत होती, रिपोर्ट आलाय, डॉक्टरांनी उद्या बोलावलंय, सोबत घरचं कोणीतरी आणा. विनिता पुन्हा हसली.

"आणते की. तू जेवलीस का गं बाळा?"

कल्याणला बहिणीकडे जाते, असं सांगून ती एकदा एकटीच गेली होती. गाठीचं मला कळलं ते त्यानंतर महिन्याने.

फोन अजून चाळीस सेकंद शिल्लक होता. पुढे ती माझ्याबद्दल काय बोलली असेल, या विचारानेच मी तो थांबवला. 'आनंद' खोडून 'भीती' लिहिलं.

थोड्या वेळाने आमची सुपरवायझर अक्षदा फोनची सुरुवात तिच्या जागेवर ऐकून आली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. आवाज ओळखीचा असेल तर तो फोन रद्द करायचा, असा नियम होता. मग मशीनने तो कधीच ऐकला नसता. मी ओळख सांगितली नाही.

"काका, बाई मस्त हसतेय की. भीती कुठून आली?"

घाबरलेली बाई आधी समोरच्याच्या जेवणाचं विचारते, असं मी म्हणालो.

"मग माझी आई चोवीस तास घाबरलेली असते," ती म्हणाली.

कारखान्यात स्फोट झाला त्या दुपारी मी काळा होऊन दारात उभा राहिलो, तेव्हा विनिताने हसून तेच विचारलं होतं. तिच्या हातातलं भांडं थरथरत होतं. हे अक्षदाला सांगता येत नव्हतं.

तिने माझे हेडफोन लावले आणि फोन शेवटपर्यंत ऐकला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. ती आता हसत नव्हती.

"बरोबर आहे तुमचं," ती हळूच म्हणाली. "घरी फोन करू नका म्हणाली शेवटी. मिस्टर फार घाबरतात म्हणे."

मी मान हलवली. तिने 'मंजूर' दाबलं. विनिताचा फोन स्क्रीनवरून गेला आणि दुसरा आला.

एक माणूस शिव्या देत होता. मी पूर्ण ऐकला. 'राग' लिहिलं.