सुनेचा इंग्रजी शब्द

शिंपीकाका दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करत होते, तेवढ्यात आतून सुनेचा आवाज आला. फोनवर तिची आई होती.

"अगं, बाबांचं काय घेऊन बसलीस? ते फार ॲफेबल आहेत. आणि पुढची खोली आहेच की!"

दोरा ओठांतच राहिला. काकांचं इंग्रजी मापाच्या टेपपुरतं. पण 'फीबल' हा शब्द त्यांच्या काळजात रुतलेला. बायकोच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टर तिची नाडी पाहून म्हणाले होते, "फीबल आहे. अगदी क्षीण." आठवड्याभरात ती गेली. आता सुनेने तोच शब्द त्यांना लावला. वर पुढची खोली! म्हणजे हीच, मशीनची. मुलगा कधीचा मागे लागला होता, "बाबा, पुरे झालं शिवण." सूनही त्याच्या बाजूला गेली तर संपलंच. मशीन गेलं की इथे येणार कोण? काज करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक जावयाच्या कागाळ्या सांगत तासभर बसायचं, त्यावरच तर त्यांचा दिवस सरायचा.

म्हातारा इरेला पेटला. "क्षीण काय? दाखवतोच!" बाह्या सरसावल्या, "देवा, लाज राख रे बाबा," म्हणत मशीन उचललं आणि निघाले खिडकीकडे. अर्ध्या वाटेत कमरेत अशी उसण भरली, की मशीन जेमतेम खाली टेकलं आणि स्वतः त्याच्यावर ओणवे झाले.

सून फोन हातात घेऊनच धावली. "अहो बाबा! हे कुणी सांगितलं होतं?"

"तूच! मी फीबल ना?"

सुनेच्या डोक्यात प्रकाश पडला. "फीबल नाही हो, ॲफेबल!"

"एकच ते. मान म्हणून पुढे 'ॲ' लावलास."

सूनबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांना धरून बसवत ती म्हणाली, "ॲफेबल म्हणजे ज्याच्याशी पहिल्या भेटीतही बोलायला अवघड वाटत नाही, असं माणूस. माझे वडील, अण्णा, गेल्यापासून आई कुणाशी बोलतच नाही. लेकीच्या सासरी राहायला संकोचते. म्हटलं, पुढच्या खोलीत माणसांचा राबता असतो, बाबांजवळ बस, बटणं लाव. ते तुला बोलतं करतील."

"आणि मशीन?"

"ते कुठे जातंय? त्याच्याशिवाय खोलीत येईल कोण?"

काकांनी डोळे मिटले. "देवा रे," एवढंच म्हणाले. फोनमधून घाबरा आवाज येत होता, "काय झालं गं?" त्यांनी हात पुढे केला.

"विहीणबाई, लवकर या. सकाळी नुसता ॲफेबल होतो, आता फीबलही झालोय. काजं खोळंबलीत."

पलीकडून, बरेच दिवस तेल न पाहिलेल्या मशीनसारखं, अडत, थांबत, हसू आलं.

सुनेने तोंड फिरवलं आणि उगाचच जमिनीवरचा दोरा शोधू लागली.